परसातल्या कोंबड्या, मुंगूस, कांडेचोर आणि झटका मशीन

वाडीवरचा

नमस्कार मंडळी. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) उताराला. मागे काजू-फणस, त्याखाली पऱ्या (ओढा), पऱ्यापलीकडे रान. आईच्या पंधरा-वीस गावठी कोंबड्या आहेत. दिवसभर आगरात (घरामागच्या बागेत) चरतात, तिन्हीसांजेला चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) खुराड्यात जातात. गेल्या पावसाळ्यापासून बऱ्याच गेल्या. कधी भर दुपारी तलंग (तरुण कोंबडी) ओरडते आणि आपण धावत जाईपर्यंत नुसती पिसं उरतात. कधी सकाळी खुराडं उघडावं तर आत मरून पडलेल्या. राखणीला, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, ठेवलेला कोंबडाही असाच गेला, ते आईच्या फार जिवाला लागलं.

शेजारच्या वाडीत डुक्कर आणि माकडांसाठी बऱ्याच जणांनी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, बसवलं आहे. तसंच खुराड्याभोवती करावं असं मनात आहे. पण डुकराला थांबवणारी तार मुंगसाला थांबवेल का? जांभ्यात अर्थिंग कसं घ्यायचं? तार जमिनीपासून किती उंच? आणि कोंबड्यांनाच झटका बसला तर?

एक सांगून ठेवतो. गावात एकानं "मशीन कशाला, लाइटची वायर जोड रात्रीपुरती" असा सल्ला दिला. तो मला मान्य नाही आणि त्यावर चर्चाही नको. घरात लहान मुलं आहेत.

---

रानपाखरू

मशीन आणायच्या आधी चोर कोण ते ठरवा. तुमच्या वर्णनात मला निदान दोन वेगळे चोर दिसतात. मुंगूस दिवसा फिरतं. भर दुपारी आगरातून तलंग गेली तर पहिला संशय मुंगसावर, दुसरा भटक्या कुत्र्यावर. रात्री बंद खुराड्यात शिरणारं जनावर वेगळं: कांडेचोर (उदमांजर), जवादी मांजर, रानमांजर.

खुणा बघा. रानमांजर बहुधा एकच कोंबडी उचलतं आणि दूर नेऊन खातं, मागे पिसांचा माग राहतो. कांडेचोर किंवा मुंगूस आत सापडलं तर एकाहून जास्त मारतं, मानेवर आणि डोक्यावर चावे असतात. कुत्री शिरली तर सगळीकडे मेलेल्या कोंबड्या आणि खाल्लेलं जवळपास काहीच नाही. अंडी टरफलासकट गायब असतील तर साप किंवा घोरपड. पिल्लू मेलेलं पण अंगावरची पिसं ओली, चिकटून बसलेली असतील तर सापानं गिळायचा प्रयत्न करून सोडलं असण्याची शक्यता फार. लहान पिल्लं रात्री एकेक करून कमी होत असतील तर घूस. उघड्यावरून दिवसा पिल्लू गेलं आणि आवाजसुद्धा झाला नाही, तर वर बघा: घार, शिक्रा, कावळा.

यांतल्या निम्म्यांना तारेतल्या करंटनं काही होणार नाही, म्हणून विचारतोय.

---

वाडीवरचा

धन्यवाद. आज सगळं नीट बघून आलो. खुराड्याच्या छपराला टेकलेली फणसाची एक फांदी आहे. त्या फांदीखाली, कौलांवर, वाळलेली विष्ठा सापडली, त्यात भेरली माडाच्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या. वाशाजवळ दोन कौलं सरकलेली, तिथून माझा हात आत जातो. दाराची षट्कोनी जाळी खालच्या कोपऱ्यात गंजून उघडली आहे, तिथल्या तारेच्या टोकाला राखाडी, टोकाशी पांढुरके केस अडकलेले होते.

मेलेल्या दोन्हींच्या मानेवर चावे होते, एकीचं डोकं नव्हतं.

---

रानपाखरू

बिया अख्ख्या आणि जागा उंचावरची, म्हणजे वरून येणारा कांडेचोर. तो अशी उंच, उघडी जागा निवडून तिथेच घाण करतो. राखाडी केस मुंगसाचे वाटतात. म्हणजे छपरावरून एक आणि दाराच्या कोपऱ्यातून एक. फांदी आजच छाटा. माझ्या मते ती फांदी आणि दोन कौलं एवढ्यानंच अर्धं काम होईल.

---

तारमास्तर

वीज खात्यातून निवृत्त झालो, आता गावी असतो. झटका मशीनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मी मशीनं चुकीची जोडलेली असतात आणि मग लोक म्हणतात "मशीन बोगस निघालं".

हे मशीन सतत करंट सोडत नाही. साधारण सेकंदाला एक ठोका, आणि तो ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी टिकतो. दाब पाच ते दहा हजार व्होल्ट, पण ऊर्जा अगदी मोजकी. आंतरराष्ट्रीय मानकात दर ठोक्याला 5 जूलची मर्यादा आहे. म्हणून जनावर हादरतं, मागे फिरतं, मरत नाही. घरच्या 230 व्होल्टच्या वायरीत हे काहीच नसतं. ती स्नायू आखडून धरते आणि सोडत नाही. विदर्भात वाघ आणि माणसं दोन्ही अशाच जोडलेल्या तारांनी मेली आहेत. वीजचोरीचं 2003 च्या कायद्याचं 135 वं कलम, वन्यजीवाचा 1972 चा कायदा आणि माणूस गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा, सगळं एकदम अंगावर येतं. चर्चा नको म्हणालात ते योग्यच, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

आता मुख्य गोष्ट. मशीनला दोन टोकं असतात, एक तारेला, एक जमिनीला. करंट तारेतून जनावरात, जनावराच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या रॉडवाटे मशीनकडे परत येतो. हा फेरा कुठेही तुटला की झटका नाही. म्हणून मशीन किती मोठं यापेक्षा अर्थिंग कसं हे आधी बघायचं. खुराड्यापुरत्या तारेला अर्धा ते एक जूलचं मशीन भरपूर झालं. डुकरासाठी दहा-वीस एकरांचं घेतात तेवढं लागत नाही.

जांभ्यात रॉड ठोकता येत नाही आणि उन्हाळ्यात जांभा कोरडा ठणठणीत होतो. तुमच्या मोरीचं पाणी जिथे मुरतं ती जागा बघा. तिथे खड्डा घेऊन जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) रॉड किंवा पट्टी पुरा, भोवती माती, कोळसा, मीठ. जमलं तर असे दोन-तीन, एकमेकांपासून दहा फुटांवर. घराच्या अर्थिंगपासून निदान 10 मीटर लांब हवं आणि घराच्या अर्थिंगला ते कधीही जोडायचं नाही. रॉड जीआयचा तर तारही जीआयची. तांब्याचा रॉड आणि जीआयची तार एकत्र आली की सांध्यावर गंज धरतो.

---

वाडीवरचा

काका, मोरीची जागा आहे, केळीखाली. पण खुराडं चिऱ्याच्या चौथऱ्यावर आहे. जनावर कोरड्या चिऱ्यावर उभं असेल तर फेरा पूर्ण होईल का?

---

तारमास्तर

नेमका प्रश्न विचारलात. होणार नाही, किंवा झालाच तर अगदी मिळमिळीत. त्यावर उपाय म्हणजे जाळीलाच अर्थ करायचं. लोखंडी जाळी मशीनच्या अर्थच्या टोकाला जोडा. करंटची तार जाळीच्या बाहेर चार-पाच इंच अंतरावर, इन्सुलेटरवर. जनावर जाळीला पाय लावून वर चढायला बघतं, नाक किंवा मिशा तारेला लागतात, आणि जमीन कितीही कोरडी असली तरी फेरा जाळीतून पूर्ण होतो. जाळी अर्थच्याच बाजूची, त्यामुळे आतल्या कोंबडीनं तिला चोच लावली तरी काही होत नाही. पिसांवरून करंट फारसा लागतच नाही. तुरा किंवा पाय थेट तारेला लागला तरच कोंबडीला झटका बसेल, आणि तार बाहेर असल्यावर तो प्रश्नच राहत नाही.

चढणाऱ्यांसाठी सर्वांत वरची तार महत्त्वाची, जाळीच्या वरच्या काठाच्या बाहेर आणि थोडी वर. कांडेचोर तिथपर्यंत पोचतोच.

---

परसबाग_मुळशी

मी मुळशीकडे ताम्हिणीच्या अलीकडे कोंबड्या पाळते, अंडी पुण्यात देते. माझं स्पष्ट मत: आधी जाळी बदला, मग मशीन. ती षट्कोनी जाळी कोंबडी आत ठेवायला आहे, जनावर बाहेर ठेवायला नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंची वेल्डमेश (तारा सांधून केलेली चौकोनी जाळी) घ्या. महाग पडते, पण मुंगूस, घूस आणि बहुतेक साप हे तिन्ही तिनंच अडतात. सापाला तारेच्या करंटचं काही नाही, तो तारेखालून येतो आणि जाळीच्या छिद्रातून आत जातो.

जाळी जमिनीशी संपवू नका. बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी अंथरून वर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी मुळाशीच उकरतं, पायाखाली जाळी लागली की सोडून देतं. दोन फूट मागे सरकून तिथून खणायला सुरुवात करणारं जनावर मला अजून दिसलेलं नाही.

कडी अशी हवी की नुसतं ढकलून उघडणार नाही. आणि माश्यांची मुंडकी, कोळंबीची सालं खुराड्याजवळ टाकू नका. तो वास रानातून जनावर ओढून आणतो.

---

बांधावरून

एवढा खटाटोप कशाला? एक फासा लावा नाहीतर मेलेल्या कोंबडीत औषध घाला. आमच्याकडे पूर्वी असंच करायचे, दोन दिवसांत काम व्हायचं.

---

रानपाखरू

नको, कृपा करून नको. मुंगूस, कांडेचोर, रानमांजर, घोरपड ही सगळी 1972 च्या कायद्यानं संरक्षित आहेत. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे बिबट्याच्याच रांगेत. आणि विष निवडून मारत नाही. औषध घातलेली कोंबडी गावातलं कुत्रं खातं, घार खाते, शेजाऱ्याचं मांजर खातं. शिवाय एक मुंगूस मेलं की ती जागा मोकळी राहत नाही, दुसरं येतं. कौलातली फट तशीच असेल तर तेही आत जातं.

हेच मुंगूस उंदीर आणि साप खातं हेही लक्षात घ्या. घरामागे मुंगूस फिरतंय ही कोकणातल्या घराला वाईट गोष्ट नाही. ते खुराड्यात शिरू नये, एवढंच आपल्याला हवंय.

---

खवलेमित्र

धागा छान चाललाय, पण एक काळजीचं लिहितो. चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात खवले मांजर आहे. रात्री बाहेर पडतं, मुंग्या आणि वाळवी शोधत नाक जमिनीला लावून चालतं. दक्षिण आफ्रिकेत शेतांच्या विजेच्या कुंपणांवर खवले मांजरं मेल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या मुख्यतः सर्वांत खालच्या तारेवरच्या. कारण साधं आहे. झटका बसला की कुत्रा मागे उडी मारतो, खवले मांजर गुंडाळून घेतं. गुंडाळताना तार मध्ये सापडली की सुटका नाही. दर ठोक्याला ते आणखी घट्ट होतं आणि ठोके तर सकाळपर्यंत चालू. ऊर्जा कितीही कमी असो, तासन्तास बसणाऱ्या झटक्यांनी ते मरतं. कासवांचंही असंच होतं, झटका बसला की जागच्या जागी आत ओढून घेतात.

म्हणून जमिनीपासून दोन-चार इंचांवर उघडी तार, आणि तीही सगळ्या आगराभोवती, अशी आमच्या भागात तरी कोणी लावू नये. मुंगसासाठी तार खाली आणावीच लागते हे खरं, आणि अडचण तिथेच आहे.

---

तारमास्तर

हे मला ठाऊक नव्हतं, सांगितलंत हे फार चांगलं केलंत. पण वाडीवरच्यांच्या खुराड्याला चौथरा आहे त्यामुळे वाट निघते. चिऱ्याचा उभा थर नऊ इंचांच्या आसपास भरतो. चौथरा एक-दोन थर वर आहे ना? मग सर्वांत खालची तार चौथऱ्याच्या वर चार इंचांवर ठेवा. जमिनीवरून नाक लावून जाणाऱ्याला चिरा लागेल, तार लागणार नाही. मुंगूस चौथऱ्यावर चढणार, जाळीला पाय लावणार, तेव्हाच त्याला झटका बसेल. दुसरी तार पहिलीच्या वर आठ इंच आणि तिसरी छपराच्या काठाला. तीन तारा, फक्त खुराड्याभोवती. आगराला करंट नकोच.

---

खवलेमित्र

असं केलंत तर माझी काही हरकत नाही. चौथऱ्याला टेकून दगडांची रास किंवा लाकडं ठेवू नका, नाहीतर तीच शिडी होते.

---

वाडीवरचा

चौथरा दोन थरांचा आहे. हे जमेल. पण मग दिवसाचं काय? कोंबड्या आगरात असतात तेव्हा मुंगूस तिथेच येतं.

---

परसबाग_मुळशी

दिवसाला करंटचा उपयोग नाही, दादा. गावठी कोंबडी चरायला मोकळी हवीच, नाहीतर ती गावठी कसली. माझ्याकडे खुराड्याला लागून वेल्डमेशचाच एक बंदिस्त वाडा आहे, वरून जुनं मासेमारीचं जाळं. घरात कोणी नसेल तेव्हा कोंबड्या त्या वाड्यात. माणूस आगरात काम करत असेल तेव्हा मोकळ्या. पिल्लांची कोंबडी पहिला महिना-दीड महिना डालग्याखाली किंवा वाड्यातच. मोकळ्यावर करवंदीची झुडपं असू द्या, सगळं साफ करू नका. घार दिसली की कोंबड्या तिथे घुसतात.

कोंबडा चांगला ठेवा. तो आधी ओरडतो. गिरिराज, वनराजा या जाती अंगानं जड, त्यांना पळणं जमत नाही. रानालगतच्या घरी अंगानं हलकी गावठीच टिकते, असा माझा अनुभव आहे.

---

लेस्टरहून

इथे इंग्लंडमध्ये परसात कोंबड्या पाळणाऱ्यांचा मुख्य शत्रू कोल्हा. आम्ही करंटवाली विणलेली जाळी वापरतो. दहा-बारा फुटांवर खुंट्या, तासाभरात उभी होते, कोंबड्यांची जागा बदलायची असेल तर उचलून दुसरीकडे. त्या उडून बाहेर जाऊ नयेत म्हणून एकाच पंखाची उडायची पिसं कापतो. रक्त न चढलेली, पूर्ण वाढलेली पिसंच, त्याला वेदना होत नाहीत.

पण वाडीवरच्यांना ती जाळी सुचवणार नाही. तिच्या खालच्या आडव्या दोऱ्या जमिनीला जवळजवळ टेकलेल्या असतात. इथे गवत दर आठवड्याला कापतो, तरी बेडूक अडकतात. कोकणातल्या श्रावणातलं गवत त्या जाळीला आठ दिवसांत निकामी करेल.

---

ऊसपट्टा_जुन्नर

आमच्याकडे बिबट्या. उसात राहतो, रात्री वस्तीवर येतो, पहिलं लक्ष्य कुत्रं, मग शेळी, कोंबडी मिळाली तर तीही. कोंबड्यांसाठी लावलेल्या दोन-तीन तारांवर बिबट्याच्या बाबतीत विसंबू नका. तो तारेला शिवतच नाही, वरून उडी मारतो. आमच्या भागात जी खुराडी टिकली ती पक्क्या छपराची आहेत, अँगल आणि जाड जाळीची, वरून पत्रा नटबोल्टनं आवळलेला. नुसता दगड ठेवलेला पत्रा त्यानं पंजानं बाजूला केलेला मी पाहिलाय. रात्री अंगणात दिवा असू द्या आणि तिन्हीसांजेनंतर लहान मुलांना कोंबड्या कोंडायला पाठवू नका. कोंबड्या कोंडायचं काम मोठ्या माणसाचं.

---

वाडीवरचा

आमच्याकडेही बिबट्या पऱ्याच्या पलीकडे आहे. कोंडायचं काम आता मीच करतो.

काम झालं, ते सांगतो. फणसाची फांदी छाटली, कौलांखाली पूर्ण वेल्डमेश टाकली, दार नवीन केलं. चौथऱ्यावर तीन तारा ओढल्या, जाळी अर्थला जोडली, केळीखाली दोन रॉड पुरले. मशीन घराच्या पडवीत, सोलर पॅनेल छपरावर. तारेचा दाब शेवटच्या टोकाला मोजला, सहा हजारांच्या वर आला. आता विचारायचंय ते पावसाबद्दल. आषाढात चार-चार दिवस ऊन नसतं. बॅटरी टिकेल का?

---

तारमास्तर

दाब मोजला हे उत्तम. साध्या मल्टिमीटरनं कोणी मोजू नका, तो जळतो. कुंपणासाठीचा वेगळा मीटर मिळतो. चार हजारांच्या खाली आला की गवत, ओला पाला, फुटलेला इन्सुलेटर यांपैकी काहीतरी शोधायचं. अंधारात तारेच्या कडेनं फिरा, गळती असेल तिथे टक-टक आवाज येतो आणि ठिणगी दिसते.

आषाढात पॅनेलवर विसंबू नका. 12 व्होल्टची बॅटरी आहे ना, तिला घरी चार्जर ठेवा, पाऊस लागून राहिला की आलटूनपालटून घरात चार्ज करा. बॅटरी पूर्ण उतरू दिली की ती लवकर मरते. कडाडायला लागलं की मशीन तारेपासून सोडवून ठेवा, वळवाच्या विजेनं बरीच मशीनं जळतात. तारेवर ठळक पाटी लावा, पाहुणे आणि शेजारच्या मुलांना सांगून ठेवा. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसानं तिथे हात लावायचा नाही. आणि काटेरी तारेत हा करंट कधीच सोडू नका, अडकलेलं जनावर किंवा माणूस सुटत नाही.

---

मालवणी_परसू

उशिरा वाचला धागा. आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाजारात झटका मशीनसोबत क्लच वायर देतात. खाऱ्या हवेत ती टिकते का?

---

तारमास्तर

क्लच वायर अनेक बारीक तारांची पिळलेली असते, खारं पाणी पिळात शिरतं आणि आतून गंजते, वरून कळतही नाही. किनाऱ्याला जाड जस्त चढवलेली एकेरी जीआय तार किंवा ॲल्युमिनियमची घ्या. सांधे पिळून नका करू, क्लॅम्प लावा, आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळे सांधे उघडून घासा. इन्सुलेटरवर मीठ साचतं, त्यावरून दमट रात्री करंट जमिनीत उतरतो. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवा, मशीन बंद करून.